उत्तरेकडच्या देशात गेल्यावर काळाचे भान कसे बदलते

आपण येत्या हिवाळ्याच्या तोंडावर कामासाठी उत्तर युरोपात स्थलांतर करणार आहात आणि तिथे गेलेल्यांना पहिले काही महिने संपता संपत नाहीत असे का वाटते, हे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे ६० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास राहतो. हा अनुभव खरा आहे. मात्र त्याचे कारण केवळ एकटेपणात शोधल्यास उपायही चुकीचे सुचतात, असे माझे मत आहे.

मुख्य कारण उजेडाचे आहे. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर १२ तासांच्या आसपास असतो. ६० अंशांवर तो डिसेंबरअखेरीस सहा तासांहूनही थोडा कमी, तर जूनमध्ये जवळपास १९ तासांचा होतो. मेंदूतले जैविक घड्याळ रोज जुळवून घेण्याचे काम मुख्यतः डोळ्यांवर पडणारा प्रकाश करतो, त्यामुळे डिसेंबरात सकाळी आठ वाजताही अंग अंथरूण सोडायला तयार नसते, आणि दुपारी साडेतीनला खिडकीबाहेर अंधारून आले की टेबल आवरण्याकडे हात जातो. घड्याळ पाहिल्यावर कळते की अजून दीड तास काम उरले आहे. जूनमध्ये रात्री दहालाही ऊन असते आणि झोपेची वेळ टळून गेल्याचे ध्यानातच येत नाही.

दिवसांच्या मोजदादीचा प्रश्न याहून वेगळा, आणि मला अधिक गंभीर वाटणारा आहे. फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ मिशेल सिफ्र १९६२ साली घड्याळाविना सुमारे दोन महिने एका गुहेत राहिले. १४ सप्टेंबरला ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हिशेबाने ती २० ऑगस्ट होती. त्यांच्या झोपण्या-उठण्याचा फेरा २४ तासांच्या फारसा पुढे गेला नव्हता, पण एकसारख्या दिवसांची गणना मनाला साधली नाही. नव्या देशात सुरुवातीला उलट घडते: रस्ते, भाषा, कार्यालयातली रीत, सगळेच नवे असल्याने आठवणी दाट साठतात आणि मागे वळून पाहताना एक महिना तिमाहीएवढा भासतो. खरी काळजी दुसऱ्या हिवाळ्याची घ्यावी, कारण तोवर सारे सवयीचे झालेले असते आणि घर, कार्यालय व अंधार एवढ्यातच महिने मागमूस न ठेवता निघून जातात.

म्हणून हिवाळ्यात रोज दुपारी, आभाळ भरलेले असले तरी, अर्धा-पाऊण तास बाहेर चालावे; ढगाळ दिवसाचा उजेडही घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट प्रखर असतो. आठवड्यातला एक ठरावीक दिवस माणसांत जाण्यासाठी राखावा, मग तो गायनवर्ग असो वा भाषेचा वर्ग. आणि परतायचे की राहायचे, हा निर्णय पहिल्या हिवाळ्यात मुळीच घेऊ नये. निदान एक पूर्ण उन्हाळा तिथे काढल्यावरच तो विचार करावा, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन.