समोरासमोरच्या दोन बसथांब्यांना एकच कोड चालेल का? कोड नावावरून बनवावा का?

सोलापूरच्या सिटी बसच्या थांब्यांची जीटीएफएस यादी (थांबे आणि वेळापत्रक अ‍ॅपना वाचता यावं म्हणून ठरलेल्या साच्यातली) करताना तुम्ही अडलात, कारण आसरा चौकात रस्त्याच्या दोन्ही अंगांना बस थांबते आणि नाव मात्र एकच. मीही अशी यादी केली आहे. दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असं आहे.

कोड चौकाला द्यायचा नसतो, माणूस जिथं उभा राहतो त्या जागेला द्यायचा असतो. होटगीकडं निघालेल्या बाईंना सात रस्त्याकडं जाणाऱ्या बाजूला उभं केलंत, तर त्यांची बस त्यांच्या डोळ्यांदेखत निघून जाईल. म्हणून दोन ओळी, दोन अक्षांश-रेखांश, दोन स्टॉप आयडी, म्हणजे फाइलींमध्ये थांबा ओळखायचे दोन वेगळे कोड. नाव दोन्हीकडं खुशाल तेच ठेवा. अनेक थांबे एका मोठ्या स्थानकाच्या पोटात दाखवायची सोयही जीटीएफएसमध्ये आहे. एसटी स्टँडसारख्या, पुष्कळ फलाट असलेल्या जागी ती वापरा. रस्त्यावरच्या साध्या जोडीला तिची गरज नाही.

नावावरून आयडी तर बनवूच नका. आपल्या विद्यापीठाचंच बघा. २००४ साली ते 'सोलापूर विद्यापीठ' म्हणून सुरू झालं, २०१९ पासून 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ' आहे. नाव बदललं तरी माणसं उतरतात ती जागा तीच. आयडीत जुनं नाव गुंफलेलं असेल, तर एक तर तो कायमचा चुकीचा दिसतो, नाहीतर बदलावा लागतो. आणि बदलला की वेळापत्रकाच्या फाइलमधली त्या थांब्याची प्रत्येक नोंद बदलावी लागते. शिवाय सात रस्ता कुणी सुटं लिहितं, कुणी जोडून. आपल्याकडं तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी एवढी माणसं आहेत, त्यांच्यासाठी नावं भाषांतराच्या फाइलमध्ये वेगळी देता येतात. आयडी मात्र कुठल्याच भाषेतला नसावा.

मी पहिल्या यादीत एक्सेलच्या ओळीचा क्रमांकच आयडी म्हणून घेतला होता. मधला एक थांबा बंद झाला, ती ओळ काढली, खालचे सगळे क्रमांक एकेक घर वर सरकले. वेळापत्रकात क्रमांक जुनेच राहिले, म्हणजे एका थांब्याच्या वेळा शेजारच्या थांब्यावर जाऊन बसल्या. फाइल तपासणीत शेवटचा क्रमांक सोडला तर काहीच चूक दाखवत नव्हती, कारण बाकीचे क्रमांक सगळे होतेच. तेव्हापासून एकदा दिलेला क्रमांक मी बदलत नाही आणि बंद थांब्याचा क्रमांक पुन्हा कुणाला देत नाही. दुसरं, आयडी हा आकडा नव्हे, मजकूर आहे. '००४५' लिहिलंत आणि एक्सेलनं त्याचा '४५' केला, की दोन फाइलींचा मेळ तुटला. तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून घ्या.

आता स्टॉप कोड. हा वेगळा रकाना आहे आणि तो प्रवाशासाठी आहे. थांब्याच्या पाटीवर किंवा आणखी कुठं प्रवाशाला क्रमांक दाखवला असेल, तरच तो भरायचा. नसेल तर रिकामा सोडायचा. ब्रिटनच्या राष्ट्रीय थांबे-यादीत, नॅप्टॅनमध्ये, हीच विभागणी आहे: यंत्रणांसाठी १२ अक्षरांपर्यंतचा लांब कोड आणि प्रवाशांसाठी छोटा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावरही थांबा टाकणार असाल, तर 'रेफ' या संदर्भ क्रमांकाच्या रकान्यात जागेवर दिसणारा क्रमांकच लिहा. आपण घरी बसून दिलेला क्रमांक तिथं टाकला, तर उद्या परिवहन विभागानं खरे क्रमांक लावले की लोकांना दोन वेगळे कोड दिसतील आणि कुठला धरायचा ते कळणार नाही.

जोड्यांचे थांबे नोंदवताना शक्यतो तिथं जाऊन, ज्या बाजूला बस थांबते त्या बाजूला उभं राहूनच जागा टिपा. पार्क चौक, नवी पेठ या भागात मोबाइलची जागा चार-पाच मीटर सरकली तरी थांबा रस्त्यापलीकडं जाऊन पडतो. होटगी रोडच्या जोड्या मी फिरून पाहिल्या आहेत. तुमची यादी पाठवलीत तर तेवढा भाग ताडून देतो.