मासळीचा काटा आणि बोटावरची गाठ

प्रश्न : माझी वहिनी म्हापशाच्या बाजारात मासळी विकते. काटा टोचल्यानंतर महिन्याभराने तिच्या बोटावर गाठ आली, मग मनगटाच्या दिशेने आणखी दोन उठल्या. गाठीचा तुकडा तपासून डॉक्टरांनी ‘क्षयाच्या कुळातला जंतू’ असल्याचा संशय सांगितला. घरात लहान मुले आहेत. तिचे ताट-पेला वेगळे ठेवावेत का?
– एक वाचक, बार्देश

उत्तर : मुळीच नको. आपल्या वर्णनावरून संशय मायकोबॅक्टेरियम मरिनम या जंतूवर जातो. तो पाण्यात आणि माशांत राहतो, जखमेतून कातडीत शिरतो. माणसाकडून माणसाला त्याची लागण होत नाही. त्याला सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते, म्हणून तो शरीरातील उष्ण अवयव सोडून हातापायांवर ठाण मांडतो. प्रयोगशाळेतही नमुना केवळ ३७ अंशांवर ठेवल्यास जंतू वाढत नाही आणि अहवाल फसवा येतो. तेव्हा मासळीच्या व्यवसायाचा उल्लेख डॉक्टरांकडून चिठ्ठीवर आवर्जून करून घ्यावा.

शरीरातील भक्षक पेशी या जंतूला गिळतात, परंतु तो पेशीतील पाचक पिशवीशी होणारा संयोग रोखतो आणि आपल्या स्रावांनी भोवतालचे पटल फोडतो. त्याभोवती पेशींचा गराडा पडून गाठ बनते. हा गराडा जंतूला कोंडून ठेवण्यासाठीच असतो, असा समज होता. तेव्हा अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात असलेल्या शास्त्रज्ञ ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्रा माशाच्या पारदर्शक पिल्लांत हाच जंतू सोडून पाहिले, तेव्हा निराळेच दिसले : मरणाऱ्या पेशीतल्या जंतूंना नव्याने आलेल्या पेशी गिळतात आणि सुरुवातीच्या काळात गाठच जंतूंच्या वाढीला हातभार लावते. फुप्फुसाच्या क्षयाचे कोडे उलगडायला हा मासा फार उपयोगी पडला आहे.

उपचारांत बहुधा क्लॅरिथ्रोमायसिनसोबत इथॅम्ब्युटॉल किंवा रिफॅम्पिसिन देतात. औषध काही महिने चालते आणि गाठी विरल्यावरही एक-दोन महिने घ्यावे लागते. संसर्ग सांध्यापर्यंत किंवा हाडापर्यंत पोहोचल्यास शस्त्रक्रियाही लागू शकते. क्षयाच्या नेहमीच्या उपचारातील पायराझिनामाइडला हा जंतू दाद देत नाही, म्हणून शेजाऱ्याकडच्या उरलेल्या गोळ्या चालू करण्याचा उपद्व्याप करू नये. मात्र वहिनींना खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट असेल, तर खऱ्या क्षयासाठी थुंकीची तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी.