माल धन्याचा, मग भीती कोणाची?

या अंकासाठी निवडलेली तिन्ही पत्रे निर्मितीच्या वाटेत आडव्या येणाऱ्या भीतीविषयी आहेत आणि तिन्ही पत्रलेखक श्रद्धावान आहेत. त्यांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बऱ्याच वर्षांपासून कथा लिहिते. लिहिताना मन रमते, पण कथा संपत आली की हात थांबतो. शेवटची दोन-तीन पाने राहतात आणि वही कपाटात जाते. देवावर माझी श्रद्धा आहे, रोज प्रार्थना करते, तरीही ही भीती जात नाही. श्रद्धेचा इथे खरोखर काही उपयोग होतो का, की मी स्वतःची समजूत घालते आहे?

उत्तर : उपयोग होतो, मात्र तो नेमका कुठे होतो हे आधी पाहायला हवे. तुमच्या पत्रातील ‘शेवटची दोन-तीन पाने’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. लिहिण्याचीच भीती असती, तर पहिले पानही लिहून झाले नसते. अपुऱ्या कथेला कोणी वाईट म्हणू शकत नाही आणि तुमची वही कपाटात आहे तोवर ती उत्तम कथा असण्याची शक्यताही शाबूत राहते. भीती आहे ती निवाड्याची. कथा फसली तर आपणच फसलो, असा हिशेब मनाने कधीतरी मांडून ठेवलेला असतो आणि तो मोडल्याशिवाय शेवटचे पान लिहून होत नाही.

श्रद्धेचे काम इथे सुरू होते. तुकोबांनी आपल्या कवित्वाविषयी बोलताना स्वतःला धन्याचा माल वाहणारा हमाल म्हटले आहे. ते वाचताना आपण त्यातील विनय पाहून थांबतो, पण मला त्यात विनयापेक्षा निर्भयता अधिक दिसते. माल आपला नाही म्हणून त्याच्या किमतीची चिंता आपली नाही. तो न सांडता, न भिजू देता ठिकाणावर पोहोचवणे मात्र पूर्णपणे आपले काम आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसाव्या श्लोकात कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, असे जे सांगितले आहे, ते आपण बहुधा अपयश आल्यानंतर सांत्वनासाठी आठवतो. वास्तविक त्या उपदेशाची वेळ युद्ध सुरू होण्याआधीची आहे. लिहिणाऱ्यानेही तो लिहायला बसतानाच आठवायला हवा, कारण अधिकार कुठवर आहे हे आधी ठरले की उरलेल्या गोष्टींचे ओझे मनावर राहत नाही.

आता तुमच्या प्रार्थनेविषयी. तुम्ही काय मागता, हे पत्रात लिहिलेले नाही. परंतु ‘कथा चांगली होऊ दे, लोकांना आवडू दे’ एवढेच मागणे असेल, तर प्रार्थनेच्या वेळीही मन त्या निवाड्यापाशीच जाऊन बसते आणि भीतीला रोज नेमाने खतपाणी मिळत राहते. अमेरिकन कथालेखिका फ्लॅनरी ओकॉनर यांनी विद्यार्थिदशेत, १९४६-४७ साली, एका वहीत प्रार्थना लिहिल्या होत्या. त्यांत आपल्याला यश हवे आहे, मोठे लेखन करायचे आहे, हे त्या देवापासून मुळीच लपवत नाहीत. पण त्याच वहीत त्या असेही मागतात की, टंकलेखन यंत्र जसे माझे साधन आहे तशी मी तुझ्या कथेचे साधन आहे, याचा मला कधी विसर पडू देऊ नकोस. महत्त्वाकांक्षा आणि समर्पण एकाच वहीत शेजारी शेजारी नांदतात, हे मला अतिशय प्रामाणिक वाटते. म्हणून माझी सूचना अशी की, यशाची इच्छा दडपू नका, ती सरळ शब्दांत देवाला सांगून टाका, आणि त्यानंतरचे मागणे मात्र त्या दिवसाच्या कामापुरते ठेवा. कथेतील आई शेवटच्या प्रसंगात मुलाला नेमके काय म्हणेल, हे जर तुम्हाला अडवत असेल, तर त्या एका वाक्याशी खरे राहण्याचे बळ मागा. असे मागणे पुरे झाले की नाही, हे त्याच दिवशी संध्याकाळी पान पाहून कळते. निवाड्याच्या बाबतीत तशी सोय कधीच नसते.

आणि कथा पूर्ण झाल्यावर ती किमान एका माणसाला वाचायला द्या. कपाटात ठेवलेला माल पोहोचला असे म्हणता येत नाही.

प्रश्न : मी गायक आहे. मंचावर जाण्यापूर्वी नामस्मरण करतो. तरीही तोंडाला कोरड पडते, तळहात घामेजतात, पहिला स्वर कापरा लागतो. माझी श्रद्धा कमी पडते आहे का?

उत्तर : नाही. कृपा करून हा अपराधभाव मनातून काढून टाका, कारण भीतीइतकाच तोही गळा आवळतो. आपण ज्याला भीती म्हणतो तिचा बराचसा भाग शरीराची तयारी असते. संकट समोर आहे असे समजून शरीर ॲड्रेनलिन सोडते, हृदयाची गती वाढते, लाळ आटते, श्वास छातीत वरच्या वर अडकतो. हे साधूला होते आणि नास्तिकालाही होते. त्यावरून श्रद्धेचे मोजमाप होत नाही.

चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातले मोठे तंतुवाद्य; विसाव्या शतकातील थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स यांना मंचाच्या भीतीने जन्मभर सोडले नाही. १९०१ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका डोंगरावरून उतरत असताना दगड कोसळून त्यांच्या डाव्या हाताची बोटे चिरडली गेली. तेव्हा आपल्या मनात पहिला विचार काय आला, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे: ‘देवाचे आभार, आता पुन्हा कधी चेलो वाजवावा लागणार नाही!’ हात बरा झाला आणि त्यानंतर ते कितीतरी दशके वाजवत राहिले, भीतीसह वाजवत राहिले. याच माणसाचा एक नेम होता. रोज सकाळी पियानोपाशी बसून ते जर्मन संगीतकार बाखच्या दोन रचना वाजवत, आणि तो आपल्या घरावरचा आशीर्वाद आहे असे मानत. त्या नेमाने त्यांची भीती घालवली नाही. मला वाटते, भीती असतानाही जिथे परत येता येईल अशी एक जागा त्या नेमाने त्यांना रोज दिली.

तुमच्या नामस्मरणाकडे मी याच दृष्टीने पाहीन. कार्यक्रमाच्या आधी घाईघाईने केलेल्या जपाकडून आपण भीती पळवून लावण्याची अपेक्षा करतो आणि ती गेली नाही की जप आणि श्रद्धा दोन्ही खोटी वाटू लागतात. त्याऐवजी नाम रोजच्या रियाजाच्या आरंभी घ्या, सावकाश, श्वास पूर्ण सोडत. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की, जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणताना काय किंवा ‘ॐ मणिपद्मे हुं’ हा मंत्र म्हणताना काय, श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली येते आणि हृदयाचे व रक्तदाबाचे चढउतार त्या लयीशी जुळतात. देवाचे नाव घेण्यामागचा भाव यामुळे तसूभरही उणा होत नाही. रोजच्या सवयीने शरीराला ती लय ओळखीची झाली, की मंचामागे उभे असताना दोन-चार सावकाश श्वासही पुरेसे आधार देतात. पहिला स्वर तरीही कापेल, कदाचित नेहमीच कापेल. गाण्याची सुरुवात अशा स्वरापासून करा, जो खालचा आहे, तुमच्या हक्काचा आहे आणि जिथे तुम्हाला थांबता येते.

भीती एवढी वाढली असेल की तुम्ही कार्यक्रम नाकारू लागला आहात किंवा रात्रीची झोप उडाली आहे, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. उपचार घेतल्याने श्रद्धेला कोणताही कमीपणा येत नाही.

प्रश्न : माझ्या कविता मला सुचतात, मी त्या रचत नाही, त्या देवाने दिल्या आहेत अशी माझी भावना आहे. एका संपादकांनी काही ओळी बदलायला सांगितल्या आहेत. जे वरून आले त्यात मी हात कसा घालू?

उत्तर : तुमची भावना खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण तिच्या आड भीतीच लपलेली नाही ना, हे तपासून पाहावे असे मी आग्रहाने सांगेन. कविता देवाची म्हटली की तिच्यावर टीका करणे पाप ठरते आणि कवीची सुटका होते. श्रद्धेचा असा ढालीसारखा वापर अनेकांकडून नकळत होतो, आणि त्यात सर्वांत जास्त नुकसान कवितेचेच होते.

योहान सेबास्टियन बाखच्या अनेक हस्तलिखितांच्या आरंभी ‘येशू, साह्य कर’ आणि शेवटी ‘केवळ ईश्वराचा गौरव असो’ या अर्थाची लॅटिन आद्याक्षरे आहेत. या दोन खुणांच्या मधल्या पानांवर काय दिसते? खाडाखोड, दुरुस्त्या, बदललेले स्वर. बायबलमधील संत योहानाच्या शुभवर्तमानावर आधारित त्याची मोठी रचना १७२४ साली प्रथम सादर झाली. पुढच्याच वर्षी त्याने तिचा आरंभच बदलला आणि १७४९ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, ती पुन्हा नव्या रूपात सादर झाली. ईश्वराला अर्पण करायचे आहे म्हणूनच तो हात घालत राहिला, असे मी मानतो. जे वरून येते ते आपल्या अपुऱ्या कानांनी ऐकलेले आणि अपुऱ्या शब्दांत उतरवलेले असते. दुरुस्ती त्या ऐकण्याची असते.

तेव्हा संपादकांनी खूण केलेली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा, तिच्याखाली बदललेली ओळ लिहा आणि दोन्ही एक आठवडा तशाच राहू द्या. त्यानंतर जी ओळ मूळ अनुभवाच्या अधिक जवळ जाते ती ठेवा, मग ती संपादकांची असो की तुमची. एखादी ओळ बदलायची नाही असे ठरले, तर त्याचे कारण संपादकांना पत्राने कळवा. त्या कारणात ‘ती मला अशीच सुचली’ यापलीकडे काहीतरी असावे.