वार्सुव्हियस आला, आली की आलं?

सोलापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. तिथले काही मित्र ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’ हे वेबकॉमिक एकत्र वाचतात, त्यातले प्रसंग एकमेकांना मराठीत सांगतात, आणि आता काही पानांचे संवाद मराठीत करायला घेतले आहेत. गाडी अडली ती वार्सुव्हियसपाशी. कथेतल्या साहसी टोळीतलं हे एल्फ (परीकथांतली दीर्घायुषी जात) मांत्रिक पुरुष आहे की स्त्री, हे लेखक रिच बर्ल्यू यांनी जाणूनबुजून कधीच सांगितलेलं नाही. मग मराठीत ‘तो’ म्हणायचं, ‘ती’ म्हणायचं, की नपुंसकलिंगी ‘ते’?

माझं उत्तर: तिन्ही नकोत, आणि सर्वनामावर फार वेळही घालवू नका. खरी गाठ क्रियापदात आहे.

२००३ साली सुरू झालेल्या या कॉमिकमध्ये माणसं काड्यांची आहेत, त्यामुळे चित्रावरून काही कळत नाही. इंग्रजीत माणूस स्वतःबद्दल बोलताना त्याचं लिंग कुठेच उमटत नाही. तेवढं ‘ही’ आणि ‘शी’ सांभाळलं की गुपित राहतं. मराठीत ‘मी येतो’ एवढं म्हटलं तरी ते फुटलं. गंमत म्हणजे सोलापुरात हा प्रश्न शेजारच्या घरात पडणारच नाही. कन्नड बोलणारे बाई असो की बुवा ‘नानु बंदे’च म्हणतात, तेलुगू बोलणारे ‘नेनु वच्चानु’ म्हणतात. आदराने तिसऱ्याबद्दल बोलायचं तर कन्नडचं ‘अवरु बंदरु’ आणि तेलुगूचं ‘वारु वच्चारु’ दोघांनाही चालतं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी यातली एखादी भाषा असेल, तर वार्सुव्हियसचं वाक्य आधी त्या भाषेत म्हणून पाहा. मराठीत नेमकं काय जास्तीचं चिकटतं, ते लगेच दिसेल.

आता मराठीतल्या सुरक्षित जागा. त्या वाटतात त्याहून पुष्कळ आहेत.

सगळ्यात मोठा आधार कर्मणी प्रयोगाचा. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतो. ‘मी दार उघडलं’, ‘मी तीन मंत्र पाठ केले’, ‘मी पोथी वाचली’ यांत बोलणारा कोण, हे कळायला काही मार्ग नाही. मात्र अकर्मक क्रियापद आलं की पकडले जाल. एकच ‘वाचणे’ घ्या: ‘मी पुस्तक वाचलं’ चालेल, पण स्फोटातून ‘मी वाचलो’ म्हटलं की पुरुष. तिथे ‘माझा जीव वाचला’ म्हणा. काही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याशीच जुळतात, आणि फसगत बहुतेक तिथेच होते. ‘मी हा मंत्र शिकलो’, ‘मी विसरलो’, ‘मी औषध प्यायलो’ या तिन्ही ठिकाणी लिंग उघडं पडतं. त्याऐवजी ‘हा मंत्र मी आत्मसात केला’, ‘माझ्या लक्षातून गेलं’, ‘मी औषध घेतलं’. ‘म्हणणे’ला दोन्ही वाटा आहेत, म्हणून ‘म्हणालो’ टाळून ‘म्हटलं’ घ्या.

वर्तमानकाळात ‘करतो/करते’ अडचणीचं, पण ‘करत आहे’ मोकळं. इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. ‘मी जात आहे’ हे पूर्ण रूप काही सांगत नाही, आणि त्याचंच बोलीतलं ‘जातोय/जातेय’ सगळं सांगतं. नकार सुरक्षित आहे: ‘मी जात नाही’, ‘मी करू शकत नाही’. भविष्यकाळ तर पूर्ण सुरक्षित: ‘मी जाईन’, ‘मी जाणार आहे’, ‘मला जावं लागेल’. ‘शकतो’ नको, ‘शकेन’ किंवा ‘मला करता येतं’ घ्या. ‘आहे’ चालतं, ‘होतो’ आणि ‘नव्हतो’ चालत नाहीत. जुन्या सवयीबद्दल सांगायचं असेल तर ‘मी रोज अभ्यास करत असे’ ही सोय आहे.

शिवाय मराठीत मनाच्या अवस्था ‘मला’ घालून सांगायची जी पद्धत आहे, ती इथे फार उपयोगी पडते. ‘मी घाबरलो’ऐवजी ‘मला भीती वाटली’, ‘थकलो’ऐवजी ‘मला थकवा आला’, ‘समजतो’ऐवजी ‘मला वाटतं’. ही रूपं ओढूनताणून आणलेली नाहीत, आपण रोज असंच बोलतो. विशेषणांत ‘मोठा, शहाणा, थकलेला’ असली बदलणारी टाळा. ‘हुशार, गंभीर, समर्थ, अजिंक्य’ ही न बदलणारी घ्या.

एक पळवाट मला मान्य नाही. ‘आम्ही आलो’ हे रूप स्त्री-पुरुष दोघांचं एकच असतं, म्हणून वार्सुव्हियसला स्वतःसाठी ‘आम्ही’ द्यावं असं कोणी सुचवेल. ऐटीला ते शोभेलही. पण टोळी सहा जणांची आहे. ‘आम्ही पुढे जाऊ’ म्हटल्यावर एकटं वार्सुव्हियस जाणार की सगळे, हे लढाईच्या ऐन प्रसंगी वाचकाला कळणार नाही.

आणि कोल्हापूरकडे बायकाही ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात हे खरं आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. लिहिलेल्या मराठीत बहुतेक वाचक ते पुरुषाचंच रूप समजतील.

या सगळ्या टाळाटाळीने भाषा लाकडी होईल ही भीती रास्त आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही पात्राबाबत ती खरी ठरली असती. टोळीतल्याच तोंडाळ बेल्करला ‘मला भूक जाणवत आहे’ म्हणायला लावलंत तर तो बेल्कर राहणार नाही. वार्सुव्हियसचं बोलणं मात्र मुळातच लांबलचक, भारदस्त आणि पुस्तकी आहे. ‘जातेय’ न म्हणता ‘जात आहे’ म्हणणं, ‘मी करतो’ऐवजी ‘ते काम माझ्याकडून होईल’ म्हणणं ही त्या तोंडाला शोभणारी ऐट आहे. गुपित राखण्यासाठी जी रूपं लागतात, तीच पात्राचा आवाजही घडवतात. म्हणून बाकी पाच जणांचे संवाद जितके बोलीत ठेवाल तितकं बरं. फरक त्यातूनच कानाला कळेल.

आता इतरांनी वार्सुव्हियसशी कसं बोलायचं? ‘तू’ घेतलंत तर ‘तू काय केलंस’ चालेल, पण ‘कुठे होतास’ अडेल. ‘तुम्ही’ घ्या. ‘तुम्ही आलात, तुम्ही जाता, तुम्ही कुठे होता’, सगळं दोघांना एकच. एकाच टोळीतल्या सोबत्याला ‘तुम्ही’ परकं वाटेल असं म्हणाल, पण हे कॉमिक डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या ज्या जुन्या (३.५) आवृत्तीच्या नियमांवर चालतं तिच्यात एल्फ ११० वर्षांचा झाल्यावर कुठे वयात आला असं धरतात. टोळीचा म्होरक्या रॉय याच्यासारख्या तरुण माणसाने आपल्या तिप्पट-चौपट वयाच्या मांत्रिकाला ‘अहो’ म्हणणं आपल्याकडे तरी अगदी सहज आहे. हाकेचे शब्द मात्र जपा. ‘रे’ आणि ‘गं’ दोन्ही बाद. सोलापुरी ‘का बे’ कितीही जिभेवर आलं तरी इथे नको, कारण ते ऐकताच समोर पुरुष उभा राहतो.

तिसऱ्या पुरुषात आदरार्थी अनेकवचनाची विभक्तिरूपं वापरा: ‘त्यांनी, त्यांना, त्यांचं’. ही सर्व लिंगांत सारखी आहेत. ‘त्यांनी मंत्र म्हटला’, ‘त्यांना राग आला’. अडचण फक्त प्रथमेची, कारण तिथे ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ वेगळे होतात. तिथे सर्वनाम गाळून नाव घ्या, आणि काळ वर्तमान किंवा भविष्य ठेवा: ‘वार्सुव्हियस पुढे येतात’. गप्पांत प्रसंग सांगताना आपण तसेही वर्तमानकाळात शिरतोच. नावाला प्रत्यय लावताना ‘वार्सुव्हियसाने’ करू नका. त्या ‘सा’मधला आकार स्त्रीनामाला लागत नाही, म्हणजे तिथेही गुपित फुटतं. ‘वार्सुव्हियसने’ किंवा टोपणनाव ‘व्ही’ घेऊन ‘व्हीने, व्हीला’ करा.

नपुंसकलिंगाला मराठीत एक सरळ जागा आहे: ‘पात्र’ हा शब्दच नपुंसकलिंगी आहे. ‘हे पात्र मला आवडतं, ते कधी हार मानत नाही’ असं कथेबाहेरून बोलताना कोणाचाही अपमान होत नाही. पण कथेच्या आत ‘ते म्हणालं’ लिहिलंत तर वाचकाला लहान मूल किंवा येडं पोर दिसेल. एवढ्या मानी मांत्रिकाला ते शोभत नाही. अपवाद एकच, बेल्करचा. पाणउतारा करणं हा त्याचा स्वभावच, त्यामुळे ‘ते बेणं परत बडबडायला लागलं बघ’ हे त्याच्या तोंडी द्यायला हरकत नाही. उलट मूळ इंग्रजीत नसलेलं एक हत्यार मराठीने त्याच्या हाती दिलं आहे, ते वापरा.

राहिला वार्सुव्हियसचा संसार. तिथे जोडीदाराचंही लिंग तसंच झाकलेलं आहे. ‘नवरा’, ‘बायको’ गेलेच, पण ‘माझा जोडीदार’ यातही ‘माझा’ बोलतो. नावापुढे नेहमी प्रत्यय किंवा शब्दयोगी येईल अशी वाक्यं करा: ‘माझ्या जोडीदाराला’, ‘माझ्या जोडीदारासाठी’. ‘माझ्या’ सर्वांना सारखं आहे. मुलांच्या तोंडी ‘आई’, ‘बाबा’ घालू नका. शाळेच्या सूचनेतला ‘पालक’ हा कोरडा शब्द इथे अगदी नेमका बसतो.