लग्नानंतर गावात नवीन स्वयंपाकघर लावतोय. नॉनस्टिकचा सेट घ्यावा की लोखंडी तवा-कढई?

भाकर खाणाऱ्या घरात नॉनस्टिक तवा आणूच नका. तुम्हीच लिहिलंय की घर दारव्ह्याजवळ खेड्यात आहे आणि दोन्ही वेळ ज्वारीची भाकर लागते. मग सेटचा विचार कशाला?

भाकरीला तवा कडकडीत तापलेला लागतो. भाकर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, ते पाणी सुकायच्या आत उलटली, खालून चांगली शेकली की मग आचेवर फुगवायची. एवढ्या तापेला नॉनस्टिकचा लेप टिकत नाही. २६० अंश सेल्सिअसच्या वर तो खराब व्हायला लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांतच तिथवर पोचतो. आच कमी ठेवली तर लेप वाचतो, भाकर वातड होते.

आमच्याकडे एका दिवाळीला नणंदबाई पुण्याहून तसा तवा घेऊन आल्या. "वहिनी, आता कोणी वापरते का असा काळा तवा? पाहुण्यांसमोर बरा दिसते का?" असं म्हणून सासूबाईंच्या हातचा तवा त्यांनी गोठ्यात नेऊन ठेवला. घर पाहुण्यांनी भरलेलं. पहिली भाकर टाकली तर कडा पांढऱ्याच, मधे चिरा, फुगायचं नाव नाही. आच वाढवली तर वास सुटला. मामाजी कधी जेवणाला नाव ठेवत नसत. त्यांनी तुकडा मोडला आणि ताटाच्या कडेला सारला. मी उठले, गोठ्यातून तवा आणला, राखेनं घासला आणि चुलीवर ठेवला. तापल्यावर भाकर टम्म फुगली. नणंदबाई म्हणत राहिल्या, पीठ जुनं होतं. पीठ त्याच परातीतलं होतं!

तवा आठवडी बाजारात लोहाराकडून घ्या, जाड बुडाचा. पातळ पत्र्याचा वाकतो आणि भाकर मधेच जळते. नवा तवा घासून, तेल लावून तापवा, अर्धा कांदा फिरवा, पहिल्या एक-दोन भाकरी गाईला घाला. धुऊन ओला ठेवू नका.

कढईही लोखंडीच. वांगी, बेसन, आलू तिच्यातच चांगले होतात. अंबाडीची भाजी किंवा चिंच घातलेलं काही मात्र तिच्यात नको, काळं पडतं आणि लोखंडाची चव येते. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, गंजातही (पातेल्यातही) आंबट शिजवू नये, त्याला स्टीलचा गंज ठेवा. दुकानदार लोहचुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे ३०४ नंबरचं चांगलं स्टील" असं सांगतो, त्यावर जाऊ नका. स्वस्तातलं २०२ सुद्धा चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. भांड्यावर आकडा कोरलेला आहे का पाहा आणि पक्कं बिल घ्या. कुकरवर आयएसआयचा शिक्का हवाच. त्याचं रबर आणि व्हॉल्व्ह तालुक्याला मिळतात का, ते आधी विचारा. इंडक्शनचं म्हणाल तर आमच्याकडे लाइन नेमकी संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी जाते.

धिरडी, अंडी यांच्यापुरता मंद आचेवर एखादा नॉनस्टिक तवा चालतो, हेही सांगते. आणि ज्यांचं मनगट दुखतं त्यांना जड कढई खरंच झेपत नाही.

पण वजनाचं हे कारण माझी नणंद आजही तव्याला लावते. म्हणे जड तव्यानं सुनांचे हात जातात. अहो, भाकरीचा तवा एकदा चुलीवर ठेवला की शेवटची भाकर होईस्तोवर उचलायचाच नसतो. हात जातात ते घरभर माणसांचं पीठ एकटीनं मळून आणि थापून. येणाऱ्या मुलीची काळजी असेल तर सेटच्या पैशात दोन पराती घ्या, आणि दुसऱ्या परातीपुढे तुम्ही बसा.