घरात दांडगं पिल्लू आणि त्यात आता मांजर!

प्रश्न : ताई, आमचा लॅब्राडोर कुत्रा ब्रूनो ७ महिन्यांचा आहे, दिवसभर नुसता धुमाकूळ, उशा चपला काही सोडत नाही, पण स्वभावाने गरीब, कधी कुणाला चावलेला नाही. पार्किंगमधली एक मांजर पावसात भिजून रोज दारात येऊन बसायची, मुलीनं हट्टच धरला म्हणून तिला घरात घेतली. काल मुलीनं तिला उचलून ब्रूनोसमोर धरलं तर तो भुंकत अंगावर गेला आणि मनी मुलीचा हात ओरबाडून फ्रिजवर चढली ती रात्रीपर्यंत उतरेना. सासूबाई म्हणतात सोडा दोघांना एकत्र, आपापसात बघून घेतील. सोडू का? आणि ब्रूनोचंच खाणं आणि गोचिडांचं औषध तिला चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मांजराचं नंतर, आधी मुलीचा हात. बाहेरच्या, लस न झालेल्या मांजरीनं ओरबाडलंय, तेव्हा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, आणि बारीक ओरखडा आहे म्हणून न थांबता आजच डॉक्टरांकडे जा, रेबीजच्या इंजेक्शनचं ते बघतील. मनीलाही व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या, जंत, पिसवा, रेबीज आणि ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची) लस, नसबंदी हे सगळं एकदा विचारून घ्या.

आता सासूबाईंचं. अंगण होतं, कौलं होती, तेव्हा ते चालून जायचं, कारण मांजर दोन उड्यांत छपरावर. फ्लॅटमध्ये ती जाणार कुठे, फ्रिजवरच ना! ब्रूनोच्या मनात काही वाईट नाहीये, समोर काहीतरी पळतंय म्हणजे धावायचं एवढंच त्याला कळतं, पण पाठलागाची चटक एकदा लागली की मग ती सोडवता सोडवता नाकी नऊ येतात, म्हणून सगळा खटाटोप पाठलाग होऊच नये याचा.

मनीला एक बेडरूम द्या, दार बंद, आत लिटर ट्रे (तिच्या शी-शूसाठी), पाणी, लपायला खोका, आणि कपाटाच्या वर जायची वाट मोकळी ठेवा. ट्रे ब्रूनोच्या तोंडाला लागणार नाही असा ठेवा, कारण कुत्री त्यातलं आवडीनं खातात (हो, खरंच). सुरुवातीला फक्त वासाची ओळख, मनीच्या अंगाखालचं फडकं ब्रूनोला हुंगायला, त्याचं तिला, आणि जेवण बंद दाराच्या दोन्ही बाजूंना. दोघंही निवांत जेवायला लागली की दाराला बेबी गेट (लहान मुलांसाठी लावतात ते आरपार दिसणारं फाटक) लावा आणि ब्रूनोला पट्ट्याला बांधूनच भेटवा, तेही तो फिरून दमून आल्यावर, ५ मिनिटं पुरे. मनीला परत उचलून त्याच्यासमोर धरायचं नाही, यायचं असेल तर ती येईल.

ब्रूनोकडे नीट बघा. तोंड मिटलेलं, अंग ताठ, नजर तिच्यावरून हलत नाही, एक पाय उचललेला, असं झालं की लगेच त्याला हाक मारून दुसरीकडे न्या. अंग सैल आहे, जमीन हुंगतोय, तुमच्याकडे वळून बघतोय, की तेव्हाच तोंडात खाऊ. मनीला सोडून तुमच्याकडे बघण्यात फायदा आहे हे त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. आणि शेपटीवरून गल्लत करू नका, मांजर शेपूट आपटायला लागली म्हणजे ती वैतागलीय.

याला काही आठवडे लागतात, कधी महिनेही, तोवर तुम्ही घरात नसाल तेव्हा दोघं वेगळी. मनीनं दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट न बघता व्हेटकडे न्या, उपाशी मांजराच्या लिव्हरवर फार लवकर ताण येतो. खिडक्यांना, बाल्कनीला जाळी नसेल तर ती आधी बसवून घ्या.

खाणं वेगळंच लागणार. मांजराला खाण्यातून टॉरिन हे पोषकद्रव्य मिळावंच लागतं, ते कुत्र्याच्या खाण्यात पुरेसं नसतं आणि कमी पडलं तर डोळे आणि हृदयावर येतं. गोचिडांचं औषध मात्र चुकूनही नको! कुत्र्यांच्या मानेवर सोडायच्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, मांजराला त्यानं झटके येतात, जीवही जातो, आणि नुसत्या ब्रूनोला लावलं तरी त्याच्या अंगाला घासून किंवा चाटून ते तिच्या पोटात जाऊ शकतं. तुमच्या पाकिटावर ते नाव असेल तर घरात आता मांजर आहे हे व्हेटना सांगा, ते ब्रूनोलाच दुसरं लिहून देतील.