‘आठवडा’ कोणत्या रात्री सुरू होतो?

एका वाचकाने विचारले आहे: आमच्या कारखान्यातल्या नोटिशीवर ‘आठवडा शनिवारच्या मध्यरात्रीपासून मोजला जाईल’ असे लिहिले आहे. ही मध्यरात्र शुक्रवार संपतानाची की शनिवार संपतानाची? आणि कायद्यातला आठवडा म्हणजे कुठलेही सलग सात दिवस नव्हेत का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: नव्हेत. बोलताना आठवडा म्हणजे नुसती लांबी. बुधवारी दुकानदार ‘आठवड्याने या’ म्हणाला की आपण पुढच्या बुधवारी जातो. त्यातही तो ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो आणि आपण सातव्या दिवशी जातो, तरी कुणाची फसगत होत नाही. हा शब्दच आठवरून आला आहे. बुधवार ते बुधवार बोटांवर मोजताना दोन्ही बुधवार धरले की आठ भरतात. ‘सप्ताह’मध्ये सात स्पष्ट आहेत, पण मराठीत तो शब्द हरिनामाकडे आणि पारायणाकडे गेला. फारसीतल्या सातावरून आलेला ‘हप्ता’ कर्जाकडे वळला. त्यामुळे कामाच्या हिशेबासाठी आपल्याकडे उरला तो आठांचा आठवडा.

१९४८च्या कारखाना कायद्याने मात्र या शब्दाला कुंपण घातले. त्याच्या कलम २मधली व्याख्या साधारण अशी होती: शनिवारी रात्री मध्यरात्री सुरू होणारा सात दिवसांचा काळ, किंवा एखाद्या भागासाठी मुख्य कारखाना निरीक्षकांनी लेखी मंजूर केलेल्या दुसऱ्या एखाद्या रात्री सुरू होणारा. म्हणजे लांबीइतकीच सुरुवातही ठरलेली. ती मालकाने किंवा कामगाराने आपल्या सोयीने हलवायची नाही.

याचा परिणाम हजेरीपटावर बघा. समजा, एका कामगाराला पहिल्या आठवड्यात रविवारी सुट्टी मिळाली आणि दुसऱ्या आठवड्यातली त्याची सुट्टी रविवारऐवजी बुधवारी दिली. आता मोजा. पहिल्या आठवड्याचे सोमवार ते शनिवार सहा दिवस, त्यांना लागून दुसऱ्याचे रविवार, सोमवार, मंगळवार. सलग नऊ दिवस कामाचे! रोजचे आठ तास धरले तर ७२ तास. पण आठवड्याची रेघ शनिवारी रात्री पडते, म्हणून पहिल्यात ४८ आणि दुसऱ्यातही ४८च तास भरतात, आणि आठवड्याच्या हिशेबाने ओव्हरटाइम शून्य. कामगार म्हणतो ‘आठवडाभर सुट्टी नाही’, टाइमकीपर म्हणतो ‘दोन्ही आठवड्यांत सुट्टी दिलीय’. दोघेही खरेच बोलतात, फक्त दोघांचे आठवडे वेगळे आहेत. कायद्याला ही फट माहीत होती. म्हणून कलम ५२ने सुट्टी आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांतच हलवू दिली, आणि पूर्ण दिवसाच्या सुट्टीशिवाय सलग दहा दिवसांहून जास्त काम नको, अशी दुसरी रेघही ओढली.

याच कलमात आठवड्याचा पहिला दिवस सुट्टीचा धरला होता. आपण रविवारला आठवड्याचा शेवट समजतो, कारण सहा दिवस राबून मग विसावा मिळतो असे वाटते. कायद्याच्या मोजणीत आधी विसावा, मग काम. हा रविवार मुंबईच्या गिरणी कामगारांना सहज मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे सभा आणि अर्ज चालवले, तेव्हा कुठे जून १८९०मध्ये गिरणीमालकांनी तो मान्य केला. ‘साप्ताहिक सुट्टी’ हे शब्द लिहिताना मला हे नेहमी आठवते.

आता मध्यरात्र. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, कायद्यातला दिवस रात्री बारा वाजता. त्यामुळे ‘शनिवारची मध्यरात्र’ या शब्दांतून दोन्ही अर्थ निघू शकतात, आणि तुमची शंका अगदी रास्त आहे. मूळ व्याख्येत ‘रात्री’ हा शब्द आहे, त्यानेच अर्थ पक्का होतो. शनिवारी जेवून झोपतो ती रात्र, म्हणजे शनिवार संपून रविवार लागतो तो क्षण. नोटिशीत नेमका तोच शब्द गळला आहे.

रात्रपाळीवाल्यांची सोय कलम ५७मध्ये होती. शनिवारी रात्री ११ला कामावर चढून रविवारी सकाळी ७ला सुटणाऱ्याचे बारानंतरचे तास शनिवारच्याच खात्यात पडायचे, आणि त्याची सुट्टी पाळी सुटल्यापासून पुढचे सलग २४ तास, म्हणजे सोमवारी सकाळी ७पर्यंत. रात्रपाळीवाल्याचा रविवार असा जवळजवळ पंचांगासारखाच उजाडायचा.

नोव्हेंबर २०२५पासून या कायद्याच्या जागी नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतही एका आठवड्यात सहा दिवसांहून जास्त काम करून घ्यायचे नाही हे बंधन आहे, तेव्हा आठवडा कुठून मोजायचा हा प्रश्न जुना झालेला नाही.

नोटिशीची दुरुस्ती मी अशी सुचवेन: ‘आठवडा शनिवार-रविवार दरम्यानच्या मध्यरात्री सुरू होईल.’ जागा असेल तर पुढे ‘रविवार हा पहिला दिवस’ एवढेही लिहून टाका.